ओबी कोण उचलणार?

वणीच्या कोळसापट्ट्यात खाणीचा हिशेब मातीपासून सुरू होतो. उकणी असो, निलजई असो की घोन्सा, कोळशाच्या थरावर बसलेली माती, मुरूम आणि दगड आधी काढावे लागतात. कागदोपत्री त्याचे नाव ओव्हरबर्डन, पण खाणीत आणि गावात सगळे त्याला ‘ओबी’ म्हणतात. एक टन कोळशामागे चार-पाच घनमीटर ओबी हा वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, पट्ट्यात नवलाचा आकडा नाही. हे प्रमाण वाढत गेले की कोळसा तोच आणि त्याची प्रतही तीच, तरी खाण तोट्यात जाते. कोळसा खणून काढण्यापेक्षा त्याच्या अंगावरचे ओझे हलवण्यातच पैसा जातो, हे इथल्या डंपर चालवणाऱ्यालाही ठाऊक असते. हाच हिशेब एका अगदी वेगळ्या कल्पनेलाही लागू पडतो. लेसरच्या प्रकाशाने हायड्रोजनचा जड भाऊ पाण्यातून वेचून काढण्याची कल्पना गेली पन्नासेक वर्षे मांडली जात आहे. प्रयोगशाळेत ती खरीही ठरली आहे. तरी आज जगात कुठेही लेसरवर चालणारा जडपाण्याचा कारखाना नाही. त्याचे कारण या ओबीच्या हिशेबाने जितके नीट उमगते, तितके भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाने उमगत नाही, असे माझे म्हणणे आहे.

वणीत जडपाणी तयार होत नाही. पण वणीचे पाणी जडपाण्याच्या कारखान्याच्या दारावरून वाहत जाते. गावातली निर्गुडा नदी वर्धेला मिळते. तालुक्याच्या कडेला पैनगंगा येऊन वर्धेत शिरते. पुढे वर्धा आणि वैनगंगा एक होऊन प्राणहिता होते, आणि सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत रिकामी होते. तिथून खाली तेलंगणात, भद्राद्री कोत्तागुडम जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी अश्वापुरमजवळ मणुगुरूचा जडपाणी प्रकल्प आहे. १९९१ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचा कच्चा माल म्हणजे गोदावरीचे पाणी. त्यात निर्गुडेचे थेंब किती हे कुणी मोजलेले नाही, पण ते असणार हे नकाशाच सांगतो.

या पाण्यात शोधायचे काय? हायड्रोजनच्या अणूच्या गाभ्यात एकच प्रोटॉन असतो. पण सुमारे साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एखादा असा निघतो की त्याच्या गाभ्यात प्रोटॉनच्या जोडीला एक न्यूट्रॉन बसलेला असतो. तो ड्युटेरियम. वजन दुप्पट, रासायनिक स्वभाव जवळजवळ तोच. ज्या पाण्यात दोन्ही हायड्रोजन असे जड असतात, ते जडपाणी. ते साध्या पाण्यापेक्षा सुमारे अकरा टक्क्यांनी जड असते आणि ३.८ अंश सेल्सिअसलाच गोठते. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा दहा हजार लिटरचा टँकर घेतला, तर त्यातले सगळे ड्युटेरियम एकत्र करून जेमतेम पावणेदोन किलो जडपाणी भरेल. आंघोळीच्या बादलीत ते अर्धा चमचा निघेल. हॅरॉल्ड युरी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३१ साली ड्युटेरियम पहिल्यांदा ओळखले, तेव्हा त्यांना कित्येक लिटर द्रव हायड्रोजन उडवून देत देत शेवटचा मिलिलिटरभर उरवावा लागला होता. म्हणजे पहिल्या दिवसापासून गोष्ट तीच आहे : थोडे हाती लागावे म्हणून पुष्कळ हलवायचे. युरीला यासाठी १९३४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

भारताला जडपाण्याची गरज पडली ती अणुभट्ट्यांमुळे. निसर्गात मिळते तसेच, समृद्ध न केलेले युरेनियम जाळायचे तर न्यूट्रॉनचा वेग कमी करणारे पण त्यांना गिळून न टाकणारे द्रव्य लागते, आणि या कामात जडपाण्याला तोड नाही. महाराष्ट्रात तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्ट्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या, याच जातीच्या आहेत. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर बाहेरची मदत आटली आणि जडपाणी आपले आपणच करायचे हे ठरून गेले. मग ते कसे केले, हे पाहण्यासारखे आहे, कारण लेसरला ज्याच्याशी टक्कर द्यायची होती तो प्रतिस्पर्धी हाच.

मणुगुरूत पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा आणि माणूस मारणारा वायू, उंच मनोऱ्यांत एकमेकांसमोरून फिरवले जातात. थंडीत, सुमारे तीस अंशांना, ड्युटेरियमला पाण्यात राहणे अधिक आवडते. एकशे तीस अंशांच्या आसपास ही आवड थोडी कमी होते. थंड मनोऱ्यात पाण्याचे पारडे साधारण २.३ पट जड असते, तर गरम मनोऱ्यात १.८ पट. एवढ्याशा फरकावर सगळा कारखाना उभा आहे. वायू गरम मनोऱ्यात पाण्याकडून ड्युटेरियम उचलतो, थंड मनोऱ्यात परत देतो, आणि मधल्या जागी ते साचत जाते. याचा एक परिणाम अटळ आहे. आत आलेल्या पाण्यातले ड्युटेरियम फार तर पाचव्या हिश्श्याइतकेच हाती लागते, बाकीचे पाण्याबरोबर नदीत परत जाते. हिशेब केला तर एक किलो जडपाण्यासाठी सुमारे तीस टन पाणी मनोऱ्यातून न्यावे लागते, आणि त्याच्या कितीतरी पट वायू फिरता ठेवावा लागतो. एवढे तापवायचे आणि निववायचे म्हणजे वाफ हवी. ती मणुगुरूत कोळशावर तयार होते. ड्युटेरियम पंधरा-वीस टक्क्यांवर पोचले की पुढचे काम सोपे. उरलेले शुद्धीकरण निर्वातात ऊर्ध्वपातन करून होते, कारण तोवर हलवायचे ओझे हजारो पटींनी घटलेले असते. खर्च सगळा पहिल्या टप्प्यावर, म्हणजे ओबीवरच.

हे ध्यानात घेतले की जडपाण्याच्या इतिहासातला एक धागा उघडा पडतो, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. ज्यांनी जडपाणी स्वस्तात केले, त्यांनी जवळजवळ नेहमी ओबी दुसऱ्याकडून हलवून घेतली. नॉर्वेतल्या व्हेमॉर्कचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातल्या घातपातामुळे प्रसिद्ध आहे. पण मुळात तो खतासाठी विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढत होता, आणि जडपाणी त्याचे जोडउत्पादन होते. नांगलला १९६२ साली आपला पहिला प्रकल्प सुरू झाला, तोही भाक्राच्या विजेवर हायड्रोजन करणाऱ्या खत कारखान्याच्या आधाराने. आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या थळला १९८७ पासून चालणारा प्रकल्प राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या शेजारी आहे. युरियासाठी अमोनिया करायला जो हायड्रोजन लागतो, तो आधी जडपाणी प्रकल्पातून फिरून येतो. तिथे तो थंड द्रव अमोनियाला ड्युटेरियम देतो आणि परत खताच्या कामाला लागतो. बडोदा, तुतिकोरिन, हजिरा इथलीही तऱ्हा हीच. शेतकऱ्याच्या युरियाच्या गोणीसाठी जो वायू हलवलाच जाणार होता, त्याच्यावर ही जळू बसवलेली आहे. जळू हा शब्द जरा कडवट वाटेल, पण ओडिशातल्या तालचेरने तो खरा ठरवला : कोळशावर चालणारा खत कारखाना डळमळला आणि त्याच्या वायूवर जगणारा जडपाणी प्रकल्पही थांबला. स्वतःची ओबी स्वतः उचलणारे आपल्याकडे दोनच, कोटा आणि मणुगुरू. पैकी कोट्याचा प्रकल्प रावतभाट्याच्या अणुवीज केंद्राला खेटून उभारला, तो वाफेसाठी.

आता लेसर. १९६० साली पहिला लेसर चमकला आणि १९६४ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा शक्तिशाली लेसर तयार झाला. तो करणारे चंद्र कुमार नारणभाई पटेल यांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीची पदवी पुण्याच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाची. या लेसरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. तो अवरक्त, दहा मायक्रॉनच्या आसपासचा असतो, आणि नेमक्या याच पट्ट्यात कित्येक रेणूंचे बंध थरथरतात. रेणूतले अणू म्हणजे स्प्रिंगला बांधलेली वजने असे समजा. वजन बदलले की थरथरण्याचा सूर बदलतो. कार्बनला साधा हायड्रोजन जोडलेला असेल तर एक सूर, ड्युटेरियम असेल तर त्याहून बराच खालचा. दोन सुरांत साधारण १.४ पटीचा फरक पडतो. दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याच्या समस्थानिकांत, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या भावंडांत, एवढा मोठा फरक नाही, कारण एका न्यूट्रॉनने वजन दुप्पट होण्याची किमया फक्त हायड्रोजनच्याच वाट्याला आली आहे. लेसरची खासियत अशी की तो एकच सूर लावतो. ड्युटेरियमवाल्या रेणूचा सूर लावला, तर तोच रेणू प्रकाश पितो आणि शेजारचे हजारो साधे रेणू ढिम्म राहतात. प्रकाशाचा झोत पुरेसा तीव्र असेल तर तो रेणू एकामागून एक तीस-चाळीस प्रकाशकण गिळतो आणि शेवटी तुटतो. तुटलेले तुकडे वेगळ्या रसायनाचे झाले, की त्यांना बाजूला काढणे हे साध्या रसायनशास्त्राचे काम. ओबीला हात न लावता कोळशाचा तुकडा चिमट्याने उचलावा, तशी ही कल्पना.

ती नुसती कल्पना राहिली नाही. १९७२ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला फॉर्माल्डिहाइडवर लेसर मारून ड्युटेरियम वेगळे करून दाखवले गेले. १९७५ च्या सुमारास मॉस्कोजवळच्या त्रोइत्स्कला आणि अमेरिकेत लॉस अलामॉसला गंधकाचे समस्थानिक कार्बन डायऑक्साइड लेसरने निराळे केले गेले, आणि अवरक्त प्रकाशाने रेणू तोडण्याची ही पद्धत जगभर पोचली. पुढे फ्लुओरोफॉर्म नावाचा वायू या कामाला फार चांगला ठरला. एक कार्बन, तीन फ्लुओरिन, एक हायड्रोजन. त्यातला हायड्रोजन जाऊन ड्युटेरियम आले की तो रेणू बरोबर कार्बन डायऑक्साइड लेसरच्या पट्ट्यात प्रकाश शोषतो, आणि साधा रेणू त्या प्रकाशाला जवळजवळ पारदर्शक राहतो. एकाच फटक्यात हजारो पट निवड झाल्याचे निष्कर्ष अमेरिकेत, कॅनडात आणि जपानमध्ये निघाले. मणुगुरूच्या मनोऱ्यात एका टप्प्याला दोन-अडीच पट, आणि इथे हजारो पट! तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही ऐंशीच्या दशकात या वाटेने काम झाले. हॅलोजनयुक्त वायूंवर अवरक्त लेसर मारून ड्युटेरियम आणि ट्रिटियम निराळे करण्याचे प्रयोग तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी केले. १९८४ साली इंदूरला लेसर आणि त्वरकांसाठी वेगळे केंद्र उभे राहिले, दिलीप भवाळकर त्याचे संस्थापक संचालक. त्यामुळे ‘आपल्याकडे तंत्रच नव्हते’ ही सबब इथे चालणार नाही.

मग घोडे कुठे अडले? उत्तर द्यायला साधी बेरीज-वजाबाकी पुरते. एक किलो जडपाण्यात ड्युटेरियमचे शंभर मोल असतात. तेवढे रेणू तोडायला लागणारा प्रकाश मोजला तर तो अकरा-बारा युनिट विजेइतका भरतो. अशा लेसरची कार्यक्षमता पाच-दहा टक्के धरली, तरी शंभर-दोनशे युनिट लागतील, म्हणजे एका मध्यम घराचा महिन्याचा वापर. जडपाण्याच्या किमतीपुढे हे काहीच नाही. म्हणजे चिमटा महाग नाही. पण आता दुसरा आकडा पाहा. नदीच्या पाण्यातले ड्युटेरियम ज्या प्रमाणात असते, त्याच प्रमाणात ते फ्लुओरोफॉर्ममध्ये आणले, तर शंभर मोल ड्युटेरियमसाठी सुमारे सत्तेचाळीस टन फ्लुओरोफॉर्म लेसरपुढून न्यावा लागतो. तोही एकूण एक जड रेणू हाती लागला असे धरून. मनोऱ्यात तीस टन पाणी, इथे सत्तेचाळीस टन वायू. चिमटा ओबीला हात लावत नाही हे खरे, पण सगळी ओबी चिमट्यासमोरून न्यावी तर लागतेच. शिवाय हा वायू दाटीने भरता येत नाही. रेणू एकमेकांवर आपटू लागले की जड रेणूने प्यालेली ऊर्जा हलक्या शेजाऱ्यांत वाटली जाते आणि निवडच बिघडते. म्हणून दाब कमी ठेवायचा. वातावरणाच्या दहाव्या हिश्श्याइतका दाब धरला, तर एका किलोमागे त्या सत्तेचाळीस टनांची जागा दीड लाख घनमीटरांच्या वर जाते. त्या विरळ वायूत जड रेणू साडेसहा हजारांत एक. प्रकाशाचा बहुतेक भाग कुणालाच न भेटता पार निघून जातो. तो वाया जाऊ नये म्हणून आरशांत पुन्हा पुन्हा परतवत शेकडो मीटरचा रस्ता करून द्यावा लागतो. मघाचे शंभर-दोनशे युनिट प्रत्येक प्रकाशकण कामी लागला तरचे होते.

आणि याहून अवघड गाठ पुढेच आहे. फ्लुओरोफॉर्ममधले ड्युटेरियम एकदा वेचले की तो वायू रिकामा झाला. त्याला पुन्हा पाण्याशी भेटवून नवे ड्युटेरियम भरून घ्यावे लागते. पण कार्बनला चिकटलेला हायड्रोजन पाण्यातल्या हायड्रोजनशी सहजी अदलाबदल करत नाही. त्याला तीव्र क्षार लागतो, उष्णता लागते, वेळ लागतो. म्हणजे पाणी आणि वायू एकमेकांसमोरून फिरवणारे मनोरे परत आलेच! जे टाळण्यासाठी लेसर आणला, तेच त्याच्या पाठीमागे उभे करावे लागते. शिवाय प्रत्येक ड्युटेरियममागे फ्लुओरोफॉर्मचा एक रेणू कायमचा मोडतो. किलोमागे सुमारे सात किलो. आणि हा वायू पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा दहा हजार पटींहून अधिक तिखट आहे. २०१६ साली भारत सरकारने शीतकरण-रसायनांच्या कारखान्यांना तो जाळून नष्ट करायला सांगितले. असा वायू टनावारी फिरता ठेवायचा आणि कुठे एकही चीर पडू द्यायची नाही, ही अट सोपी नाही.

इथे एक रास्त शंका येते. युरेनियमच्या बाबतीत लेसरवर देशोदेशी अब्जावधी खर्च झाले. ऑस्ट्रेलियात उगम पावलेली सायलेक्स पद्धत आजही अमेरिकेत व्यापारी रूप घेऊ पाहते आहे. युरेनियमच्या समस्थानिकांच्या सुरांतला फरक तर केसाएवढा असतो. जिथे ओळख पटणे सर्वांत कठीण, तिथे लेसर टिकून आहे, आणि जिथे सर्वांत सोपे, तिथे तो हरला, हे कसे? मला वाटते, उत्तर प्रतिस्पर्ध्यात आहे. युरेनियमच्या जुन्या वायुविसरण पद्धतीत एका टप्प्याला मिळणारी निवड १.००४ पट, म्हणजे हजारात चार. तिथे दीडपट निवड करणारा कुणी आला तरी तो राजा. हायड्रोजनच्या बाबतीत मात्र दुप्पट वजनाचा फरक साध्या रसायनालाही जाणवतो. पाणी आणि हायड्रोजन सल्फाइड, अमोनिया आणि हायड्रोजन, नुसते विद्युतविघटन, सगळ्यांना तो ओळखता येतो. जो फरक लेसरला सहज दिसतो, तो साध्या भांड्यालाही दिसतो, आणि भांडे स्वस्त असते. दुसरे असे की युरेनियममध्ये हवा तो भाग हजारात सात असतो, पाण्यातले ड्युटेरियम लाखात पंधरा. ओबीचे प्रमाणच निराळे. (अमेरिकेने वाफेतल्या युरेनियम अणूंवर चालणारा आपला मोठा लेसर कार्यक्रम १९९९ साली गुंडाळला, हेही विसरू नये. तिथलाही विजय अजून कागदावरच आहे.)

‘लेसर दिवसेंदिवस स्वस्त होत आहेत, आज नाही तर दहा वर्षांनी जमेल’ असे म्हणणारे बरेच आहेत. लेसर स्वस्त झाले हे खरेच. पण वरचा हिशेब पुन्हा पाहा : प्रकाश फुकट मिळाला तरी सत्तेचाळीस टन वायू फुकटात फिरत नाही, आणि पाण्याशी त्याची अदलाबदल लवकर होत नाही. डंपरचे डिझेल महाग असताना चिमट्याची किंमत उतरून काय होणार? मग वायूचा दलाल मधे कशाला, लेसर थेट पाण्यावरच मारावा, असेही सुचवले जाते. पाण्यात ते जमत नाही, कारण पाण्याचे रेणू हायड्रोजन सतत एकमेकांना देत-घेत असतात. आत्ता जड असलेला रेणू क्षणभरात हलका होतो आणि त्याचे ड्युटेरियम शेजाऱ्याकडे गेलेले असते. ओळख पटवून पकडायला जावे तर माणूसच बदललेला. शिवाय पाणी अवरक्त प्रकाश स्वतःच अधाशासारखे पिते, झोत केसभरही आत शिरत नाही.

लेसरला खरी जागा मला ट्रिटियमच्या कामात दिसते. ट्रिटियम हा हायड्रोजनचा तिसरा भाऊ, गाभ्यात दोन न्यूट्रॉन असलेला, किरणोत्सारी, १२.३ वर्षांत निम्मा होणारा. अणुभट्टीतले जडपाणी न्यूट्रॉन झेलत राहते आणि त्यात ट्रिटियम साचते. काही वर्षे चाललेल्या भट्टीत ते किलोमागे मिलिग्रॅमच्या हिशेबात असते. प्रमाण ड्युटेरियमपेक्षाही विरळ, म्हणून वरवर पाहता इथे लेसरची अवस्था अधिकच बिकट व्हावी. पण हिशेबाचे बाकीचे रकाने बदललेले आहेत. जडपाणी भट्टीत बंदिस्त आहे, ते काही शे टनच आहे, ते तसेही फिरतेच आहे, आणि त्यातले ट्रिटियम कामगारांच्या सुरक्षेसाठी काढायचेच आहे. शिवाय, काढलेल्या ट्रिटियमला ग्रॅममागे हजारो डॉलर किंमत आहे, कारण संमीलन भट्ट्यांचे ते इंधन. म्हणजे ओबी आधीच हललेली, आणि कोळशाऐवजी सोने निघणार. जपानमध्ये रिकेन संस्थेत आणि आपल्याकडे तुर्भ्यात ट्रिटियमवर काम झाले ते याच विचाराने. तरीही कॅनडातल्या डार्लिंग्टनला आणि दक्षिण कोरियातल्या वोल्सुंगला मोठे प्रकल्प उभे राहिले, ते उत्प्रेरक आणि उणे अडीचशे अंशांजवळचा द्रव हायड्रोजन यांवर, लेसरवर नव्हे. कारखाना चालवणाऱ्याला नवलाईपेक्षा वीस वर्षे न रुसणारे यंत्र हवे असते, आणि त्यात त्याचे चूक नाही. लेसरची बाजू इथे उजवी आहे एवढेच मी म्हणतो, खटला जिंकला आहे असे नाही.

ट्रिटियम म्हटले की जपानमधल्या फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुवीज केंद्राचा प्रश्न निघतोच. तिथल्या टाक्यांतले सुमारे तेरा लाख टन पाणी २०२३ च्या ऑगस्टपासून पातळ करून समुद्रात सोडले जाऊ लागले, तेव्हा ते लेसरने स्वच्छ का केले नाही, असे विचारले गेले. त्या सगळ्या पाण्यात मिळून ट्रिटियम होते जेमतेम दोन-तीन ग्रॅम. चिमटभर मिठासाठी एक मोठे धरण गाळण्यासारखे ते काम. तिथे लेसरच काय, कुठलीच पद्धत परवडत नाही.

या सगळ्यावरून लेसरवरचे संशोधन वाया गेले असे कुणी म्हटले तर ते मात्र मला मान्य नाही. त्याच प्रयोगांतून कार्बन-१३ वेगळा करण्याची वाट निघाली. तिथे गणित निराळे आहे, कारण तो निसर्गात शंभरात एक असतो आणि वैद्यकीय तपासण्यांसाठी थोडाच लागतो. पण तिथेही जपून बोलायला हवे. पेट स्कॅनसाठी लागणारे किरणोत्सारी द्रव्य ऑक्सिजन-१८ असलेल्या पाण्यापासून करतात. ते पाणी भारतात तयार करायचे ठरले, तेव्हा जडपाणी मंडळाने मणुगुरूतच सोय केली आणि पद्धत निवडली ती ऊर्ध्वपातनाची. उकळा, निववा, पुन्हा उकळा. लेसरचे आकर्षण माहीत असलेल्या लोकांनीच ही निवड केली, हे महत्त्वाचे.

राहिला प्रश्न वर्धा खोऱ्याने यातून काय घ्यावे याचा. २०३० पर्यंत वर्षाला दहा कोटी टन कोळशाचे वायूकरण करायचे केंद्राचे लक्ष्य आहे. हरित हायड्रोजनचे लक्ष्य वर्षाला पन्नास लाख टन. या पन्नास लाख टनांबरोबर जे ड्युटेरियम जाईल, त्याचे जडपाणी केले तर सात हजार टनांहून अधिक भरेल. एवढे जडपाणी कुणालाच नको आहे, हे खरे. पण ड्युटेरियमला अणुभट्टीबाहेरही गिऱ्हाईक मिळू लागले आहे. रेणूत ड्युटेरियम बसवलेले पहिले औषध अमेरिकेत २०१७ साली मंजूर झाले. शरीर ते सावकाश मोडते, म्हणून ते कमी वेळा घ्यावे लागते. उद्या वणी-चंद्रपूरच्या पट्ट्यात कोळशापासून हायड्रोजन किंवा अमोनिया करणारा कारखाना आला, तर वाफ, कोळसा आणि वायू यांची प्रचंड हालचाल खतासाठी किंवा इंधनासाठी होणारच आहे. म्हणजे ओबी दुसरा कुणी उचलून देणार आहे. त्या वाहत्या हायड्रोजनवर ड्युटेरियम टिपायचे तर थळसारखा अमोनियाचा मनोरा त्या वायूत थेट बसतो. लेसरला मात्र तिथेही आधी दलाल वायू भरावा लागेल. म्हणून अशा प्रकल्पाच्या आराखड्यात पाहायची पहिली गोष्ट लेसर नव्हे. हायड्रोजनच्या नळीला मनोऱ्यासाठी एक फाटा काढून ठेवला आहे का, हे आधी पाहावे. नंतर तो काढायचा तर अख्खा कारखाना बंद ठेवावा लागतो, आणि तालचेरने दाखवले तसे या जोडीत एकाचे थांबणे दुसऱ्याला भोवते. तोपर्यंत निर्गुडेचे पाणी नेहमीच्या वाटेने जात राहील : वर्धा, प्राणहिता, गोदावरी. त्यातले थोडे मणुगुरूच्या मनोऱ्यांतून फिरून, आपल्या ड्युटेरियमचा पाचवा हिस्सा तिथे ठेवून, भद्राचलमच्या दिशेने पुढे सरकेल.